तुमची वाटीची बंदूक

कावळा आला आणि लगेच शिवला. मुठेच्या काठी तुमच्या पुतण्यानं पिंड ठेवलं, आम्ही हात जोडतो न जोडतो तोच पलीकडच्या बाभळीवरून उतरला, भाताचा घास उचलला आणि गेलाही. भटजी म्हणाले, "सुटला हो बिचारा. मागं काही राहिलं नाही त्याचं." सगळ्या आळीला बरं वाटलं. बायकांनी घाटावर यायचं नसतं म्हणून माझ्याशी हुज्जत घालणाऱ्यांनासुद्धा. मला मात्र काही आला असेल तर राग. मागं काही राहिलं नाही? दसऱ्यापासून तुमचं-माझं भांडण चाललं होतं, ते अर्ध्यावर टाकून गेलात, आणि वर एवढी घाई? मी घरून मनाशी ठरवून गेले होते, की कावळा अडला तर पुढं होऊन सांगायचं, 'तुमची वाटी मी मोडीत जाऊ देणार नाही.' तेवढं म्हणायचीसुद्धा संधी दिली नाहीत. जिवंतपणी बोलू देत नव्हता, मेल्यावरही तेच.

आज सकाळी भांबवड्याच्या माळावर वाटीची परीक्षा झाली. काय झालं ते सांगायलाच बसले आहे. तुमच्या ऐरणीपाशी बसले आहे, भट्टी थंड आहे, आणि लोक म्हणतायत तेरावा उरकला नाही तोच ही बाई माळावर गेली. म्हणू देत. पण मी सरळ सांगणार नाही. तुम्ही मला कधी काही सरळ सांगितलंत?

आठवतं, ती पहिली मोडकी वाटी कशी आली? शिलेखान्याचे, म्हणजे सरकारी हत्यारांच्या कोठाराचे, दारोगा स्वतः आपल्या दारात उभे, आणि मी भात्यावर, तोंडाला काजळी. कुणा टोपीकर फिरंग्याच्या सामानात मिळालेली ती पितळी वाटी त्यांनी रुमालात बांधून आणली होती. तळाला आटे, कडेला ही एवढी चीर. बंदुकीच्या नळीच्या तोंडावर ती फिरवून बसवायची, तिच्यात छोटा कुलपी गोळा ठेवायचा, आतून दारू भरलेला, डाळिंबाएवढा, आणि नळीतल्या दारूच्या जोरावर तो किल्ल्याच्या भिंतीपलीकडे फेकायचा. हातानं फेकला तर गोळा जाऊन जाऊन किती जाणार, अंगणातून रस्त्यापर्यंत. वाटीनं फेकला तर ओढ्याच्या पार. दारोगा म्हणाले, "भिवा—" आणि मग तुमचं नाव घेऊन विचारलं, "असं काही इथं होईल का?" तुम्ही ती वाटी हातात फिरवलीत, नखानं वाजवलीत आणि म्हणालात, "असं नाही होणार. ही फुटकी आहे. चांगली होईल." दारोगा हसले. मी भात्यामागं तोंड लपवून हसले. असा माज पुण्यात फक्त कसबा पेठेतल्या लोहाराला शोभतो, आणि तो तुम्हाला फार शोभायचा.

माज करण्यासारखं होतंच तुमच्याकडे. साधी नळी काय, कुणीही करतो. पट्टी तापवायची, सळईभोवती गुंडाळायची, ठोकून एकजीव करायची. पण चऱ्यांची बंदूक? नळीच्या आत, जिथं डोळा पोचत नाही तिथं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वळत जाणाऱ्या चऱ्या पाडायच्या. गोळीला तेलाचं चिंधूक गुंडाळून गजानं ठासायची, मग ती फिरत फिरत निघते आणि सरळ जाते. गारदी लोक कंटाळायचे त्या बंदुकीला, म्हणायचे भरेपर्यंत शत्रू जेवून येईल. पण शिकारी सरदार तुमच्या दाराशी घोडे बांधून बसायचे. आणि ती चरी पाडायची कशी, तर एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मी. तुम्ही ढकलायचं, मी ओढायचं. मध्ये नळी, नळीत पोलादी दात बसवलेला दांडा, आणि तो वळत वळत यायचा. एकाचा हात जरा पुढं गेला की चरी वाकडी, नळी बाद. नवीन लग्न झालं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "माझ्याकडं बघू नकोस, दांड्याकडं बघ." मी म्हटलं, "तुमच्याकडं बघण्यासारखं काय आहे?" तुम्हाला इतकं हसू आलं की ती नळी वाया गेली. आपल्या संसारातली पहिली मोडीत निघालेली वस्तू ती.

लोक म्हणायचे भिंतीपलीकडून ऐकलं तर भांडण चाललंय असं वाटतं. चाललेलंच असायचं. ओढा, ढकला, हळू, कोण हळू, मी हळूच आहे, तुम्हीच घाई करताय. अशा भांडणातून निघालेल्या नळ्या कुठल्या कुठल्या किल्ल्यांवर गेल्या, आणि एक परत आली नाही तक्रार घेऊन. मला तुमचा अभिमान वाटायचा हो. तोंडावर कधी म्हटलं नाही. तोंडावर म्हटलं असतं तर डोक्यावर बसला असतात.

वाटी तुम्ही लोखंडाची केलीत. आणि कशी केलीत! गोळा आत ठेवला की भोवती केस शिरणार नाही. तुमचं तेच, "फट म्हणजे लोहाराची लाज." आग कडेनं निसटली तर गोळ्याला जोर कुठून मिळणार, हे तुमचं म्हणणं. गोळ्यांच्या वाती मात्र माझ्या. देवाच्या वाती वळणारी बाई आहे मी, मला कुणी शिकवायला नको. कापूस वळायचा, दारूच्या खळीत बुडवायचा, सावलीत वाळवायचा, गोळ्याच्या भोकातल्या लाकडी बुचातून घट्ट ओढून घ्यायचा. कमी वळली तर भसकन जळते, जास्त वळली तर विझते. हुसेनभाई म्हणायचे, "वहिनी, तुमच्या वातीवर माझा जीव टांगलेला असतो." आपल्या समोरच्या घरातले हुसेनभाई, सरकारी गारद्यांत बंदूकवाले. वाटी उडवायचं काम त्यांच्याकडंच येणार होतं, म्हणून रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचे आणि वाटीकडं असं बघायचे जसं सोयरीक आलेल्या मुलीकडं बघतात.

तुमची पद्धत दोन आगींची. बंदुकीचा लाकडी दस्ता जमिनीला टेकवायचा, गुडघ्यावर बसायचं, आधी गोळ्याच्या वातीला बत्ती द्यायची, ती फुरफुरायला लागली की चाप ओढायचा. बंदूक उडाली की जळता गोळा वाटीतून निघाला. झकास. आणि बंदूक उडाली नाही तर? पेटलेला गोळा वाटीत, वाटी हातात, हात अंगाला. मी हे पहिल्या दिवशी विचारलं. तुम्ही म्हणालात, "माझी बंदूक उडणार नाही असं होईलच कसं?"

झालं ना मग.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा तुम्ही केलीत. घण, हातोडे, सांडशी, कानशी, सगळं पाटावर मांडलं, मध्ये वाटीची बंदूक, झेंडूची माळ घालून. मी म्हटलं होतं, तिला नुसतं फूल वाहा. पण नाही, यजमान रंगात आले होते. हळद, कुंकू, आणि मूठभर अक्षता टाकल्यात तिच्यावर. तिच्या कानाशीसुद्धा. कान म्हणजे नळीच्या बुडातलं ते बारीक भोक, जिथून बाहेरच्या रंजकाची, म्हणजे चापाच्या ठिणगीनं पेटणाऱ्या चिमूटभर दारूची, आग आतल्या दारूला लागते. पुण्याखेरीज दुसऱ्या कुठल्या गावात बंदुकीच्या कानात तांदूळ गेला असेल, देव जाणे. दुसऱ्या दिवशी दसरा, दारोगा माळावर आलेले, सोबत कारकून, गारदी, आणि नदी ओलांडून तमाशा बघायला आलेली अर्धी पेठ. हुसेनभाईंना तुम्ही हात लावू दिला नाहीत. म्हणालात, "पहिला बार मी." वातीला बत्ती दिलीत, चाप ओढलात, रंजक फुस्स करून जळलं. आणि बंदूक गप्प.

ती घटका मी विसरणार नाही. गोळा वाटीत फुरफुरतोय. भोवती माणसं, काही अजून हसतायत. तुम्ही बंदूक टाकून पळाला असतात तर कुणी नाव ठेवलं नसतं, पण मग ती जिथं पडली असती तिथं कुणाची तरी लेकरं होती. तुम्ही ती छातीशी धरून ओढ्याकडं धावलात. उलटी करून चिखलात खुपसलीत आणि बाजूला आडवे झालात. धडाका झाला. चिखल उडाला तो माझ्या लुगड्यापर्यंत आला. तुम्ही उठलात तेव्हा डाव्या बाजूची मिशी जळून गेली होती, हातातून रक्त येत होतं, आणि तुम्ही बंदुकीच्या फाटलेल्या तोंडाकडं बघत होतात. मी धावत आले तर मला म्हणालात, "वाटी गेली गं." मी म्हटलं, "मिशीसुद्धा." आणि मग मी जी रडायला लागले ती थांबेना.

पण मला त्या दिवसाचा जो अभिमान आहे तो तुमच्या धावण्याचा नाही. ते कुणीही धीराचा माणूस करेल. कारकुनांनी लगेच ठरवून टाकलं होतं, दारू ओली. दारूखान्यातला तो हडकुळा माणूस थरथर कापत उभा होता, त्याची नोकरी तिथंच गेली होती. तुम्ही पुढं झालात. रक्ताचा हात धोतराला पुसलात, बारीक तार मागून घेतलीत, चिखलातून काढलेल्या बंदुकीच्या कानात फिरवलीत आणि काळा पडलेला एक दाणा तळहातावर काढलात. सगळ्यांसमोर दारोग्यांपुढं हात केलात. "अक्षता. माझ्याच हातची. दारू चोख आहे." अहो, सगळ्या पेठेसमोर! दाणा बोटानं उडवून दिला असतात तर कुणाला कळलं असतं? मला तेव्हाच वाटलं की ह्या माणसाच्या नावानं आपण कुंकू लावतो ते वाया नाही गेलं.

पेठेनं अर्थात सोडलं नाही. महिनाभर ऐकावं लागलं. "काय उस्ताद, अक्षता पडल्या पण लग्न लागलं नाही म्हणे!" ह्या गावात माणूस मरता मरता वाचला तर आधी त्याची थट्टा होते, मग विचारपूस. दारोगा एवढंच म्हणाले, "नवी करा. एकदा शेवटचं बघू. पुन्हा असं झालं तर सगळं मोडीत टाकू, आणि ह्या वाटीचं नाव शिलेखान्यात काढायचं नाही." ते तुम्हाला लागलं. जेवताना घास हातात धरून बसायचात. मरेपर्यंत तुमच्या डोक्यात तेच होतं, की आयुष्यभर चोख नळ्या केल्या आणि लोक नाव काढणार ते अक्षतांच्या बंदुकीचं.

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, दोन आगी नकोत. एकच आग. बंदूक उडेल तीच गोळ्याची वात पेटवेल. उडाली नाही तर वात पेटणारच नाही, माणूस वाचेल. तुम्ही म्हणालात, "वात खाली करून? आगीच्या तोंडात?" करून पाहिलंत, बंदूक दगडाला बांधून, चापाला लांब दोरी लावून. आगीच्या जोरानं वात आतच ढकलली गेली आणि गोळा वाटीतून निघता निघताच फुटला. तुम्ही माझ्याकडं असे बघायला लागलात जसे काही तुम्हीच जिंकलात. तुमची जुनी बंदूक तुमच्या हातात फुटणार होती आणि माझी दगडावर फुटली, तरी मीच चुकले!

मग एकदा भाकऱ्या करताना मला दिसलं. चुलीतली आग तव्याला खालून लागते, पण थांबते कुठं? कडेनं वळते आणि वर येते. मी तशीच पिठाच्या हातानं उठले. वात वरच ठेवायची, आकाशाकडं तोंड करून, पण तिला फुलवातीसारखं बुड पसरायचं. तीन शेपट्या काढायच्या, गोळ्याच्या अंगावरून खाली सोडायच्या, दारूत माखलेल्या. कडेनं आग वर आली की शेपटी पेटेल, शेपटी वात पेटवेल. मी करून आणली आणि तुमच्यापुढं ठेवली.

तुम्ही बघितलीत. खोटं कशाला बोलू, बराच वेळ बघितलीत. आणि मग म्हणालात, "कडेनं आग यायला कडेला फट लागते. माझ्या वाटीत फट नाही."

"मग ठेवा थोडी."

"फट ठेवू? म्हणजे जोर जाईल. गोळा ओढ्यात पडेल आणि पेठ पुन्हा हसेल."

"हसू दे. हुसेनभाईंचा हात राहील ना जागेवर?"

"फुलवात देव्हाऱ्यात लाव. बंदूक मला कळते."

झालं. मी बोलायचं बंद केलं. तुम्ही तर आधीच बंद केलेलं. आपला अबोला असा, की मी भाता ओढत होते, तुम्ही घण घालत होतात, सांडशी हातोहात जात होती, आणि तोंडं दोन दिशांना. नवीन वाटी तुम्ही त्या अबोल्यातच घडवलीत. शेवटी शेवटी तर मला भात्यावरही बोलवेनासे झालात. कानस घेऊन मागच्या पडवीत बसायचात, पाठ माझ्याकडं करून. मी म्हटलं, बसा. काय घासायचं ते घासा. माझं तोंड बघायला नको असेल तर मलाही तुमचं नको.

मग ताप आला. उतरायचा, चढायचा. वैद्य आले, काढे झाले. हुसेनभाई दर्ग्यातून पाणी घेऊन आले, तेही मी तुम्हाला पाजलं. तुम्ही हडकत गेलात. मी उशाशी बसून वाट बघत होते, की हा माणूस आता तरी काहीतरी बोलेल. फार नाही, एक शब्द. इतकी वर्षं दांड्याचं दुसरं टोक धरलं, त्याबद्दल. एके दुपारी तुम्ही डोळे उघडलेत, मला हातानं जवळ बोलावलंत. मी वाकले. तुम्ही म्हणालात, "वाटीला तेल लाव. आतून. बोटानं."

एवढंच. वाटीला तेल लाव!

मी उठून परसात गेले आणि भिंतीशी उभी राहून मनसोक्त शिव्या दिल्या तुम्हाला. मरणारा माणूस बायकोला जवळ बोलावतो आणि लोखंडाच्या गंजाची काळजी करतो. मी तेल लावलं नाही. तुम्ही गेलात, तरी लावलं नाही. पडवीतल्या कोनाड्यात फडक्यात गुंडाळलेली होती, तिकडं बघायचीही इच्छा नव्हती.

काल हुसेनभाई आले. ओट्याखालीच उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, दारोग्यांचा निरोप आहे. उद्या सकाळी माळावर. उस्तादनी नवी करून ठेवलीय हे त्यांना माहीत आहे. नाही नेली तर म्हणतील भीतीनं नाही नेली."

"कशी उडवणार?" मी विचारलं.

"उस्तादनी शिकवली तशी. दोन आगी."

"आणि नाही उडाली तर?"

"फिकीर करू नका. ओढा कुठं आहे ते मला माहीत आहे." ते हसायला गेले पण हसू काही नीट आलं नाही. मला त्यांच्या हातांकडं बघवेना. आणि तुमची वाटी मोडीत गेलेलीही बघवणार नव्हती. दोन्हीकडून माझंच मरण.

ते गेल्यावर मी पडवीत गेले. म्हटलं, गंजलेली तरी जायला नको, अब्रू आहे लोहाराची. फडकं सोडलं, तेलात बोट बुडवलं आणि वाटीत घातलं. बोट अडकलं. मी दचकले. वाटलं कानस सुटून ओरखडा पडला की काय, तापात हात थरथरत असेल. उजेडात आणून बघितलं. ओरखडा नव्हता. चरी होती. सरळ, स्वच्छ, तळापासून काठापर्यंत, नळीत पाडायचो तशी. बोट फिरवलं. आणखी एक. आणखी एक. तीन.

मी गोळा आणला, माझी तीन शेपट्यांची फुलवात लावलेला, तुम्ही देव्हाऱ्यात लाव म्हणाला होतात तो. वाटीत ठेवला. घट्ट बसला, भोवती केस शिरणार नाही असा. आणि तीन शेपट्या तीन चऱ्यांत जाऊन बसल्या. चरीतून आग वर येणार, बाकी कुठून निसटणार नाही. जोरही जाणार नाही, फटही नाही. माझं म्हणणं पुरं आणि तुमचंही पुरं. मला जे सुचलं नव्हतं तेही तुम्ही त्यात घातलंत, माझ्याकडं पाठ करून बसून! आणि एकट्यानं. वाटीतल्या चऱ्यांना दुसरं टोक धरायला कुणी लागत नाही म्हणून एकट्यानं, की मला कळू नये म्हणून?

काय म्हणावं तुम्हाला! तोंड उघडून 'तुझं खरं आहे' म्हणायला जिवावर येतं, म्हणून माणूस लोखंड कोरत बसतो. आतून, बोटानं. अहो, हे काय बोलणं झालं? मी पडवीत बसून हसत होते आणि रडत होते, आणि तेलाच्याच हातानं डोळे पुसले, ते आतापर्यंत चुरचुरतायत.

सकाळी हुसेनभाईंना दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं, फुलवात बघितली, पुन्हा बोट फिरवलं. मग दोन्ही हात कानाला लावले. "उस्ताद म्हणजे... वहिनी, हे तर दोघांचं काम आहे."

"दोघांचंच असायचं नेहमी," मी म्हटलं. "चला."

माळावर दारोगा होते, तेच कारकून होते, पेठही होती. माझ्याकडं बघून कुजबुज झाली. हुसेनभाईंनी आधी बंदुकीच्या कानात तार फिरवली, सगळ्यांना दिसेल अशी. पेठेतलं कुणीतरी ओरडलं, "तांदूळ निवडला का?" लोक हसले. तुम्हीही हसला असतात. दस्ता जमिनीला टेकला, हुसेनभाई गुडघ्यावर बसले, गोळा ठेवला. दारोगा म्हणाले, "वातीला बत्ती?"

"लागत नाही, सरकार."

"म्हणजे?"

हुसेनभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी 'बिस्मिल्ला' म्हणून चाप ओढला.

धप्प झालं. तुमच्या बंदुकांचा तो पोटातून येणारा आवाज, मी झोपेतही ओळखेन. गोळा वर गेला आणि त्याच्या मागं एक बारीक ठिणगी, अगदी बारीक, माझी वात. ओढ्याच्या पार गेला, पलीकडच्या दरडीवर उतरला, आणि तिथं फुटला. माती उसळली. पेठ गप्प. पुण्यात इतकी माणसं एका वेळी गप्प झालेली मी पहिल्यांदाच बघितली. दारोगा म्हणाले, "पुन्हा." पुन्हा उडवली. पुन्हा दरडीवर. मग त्यांनी मुद्दाम रंजक ओलं करायला लावलं आणि चाप ओढायला सांगितलं. बंदूक गप्प. गोळाही गप्प. हुसेनभाईंनी तो वाटीतून सहज उचलला आणि हातावर धरून सगळ्यांना दाखवला, बाजारातनं डाळिंब आणल्यासारखा. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तुम्ही नव्हतात तिथं. ह्याचा मात्र मला फार राग आहे, आणि तो जाणार नाही. तुमची ती अर्धी मिशी परत वाढत आली होती, ती पिळत तुम्ही उभे राहायला हवे होतात. मी मागून काहीतरी खोचक बोलले असते, तुम्ही ऐकलं नाही असं केलं असतंत. घरी येऊन भांडलो असतो. आता मी कुणाशी भांडू? भट्टी पेटवली तरी भाता ओढणारी मीच आणि घणाखाली लोखंड धरणारं कुणी नाही.

पण कावळ्याला घाई का होती ते कळलं. तुमचं काही राहिलंच नव्हतं. तुम्ही सगळं करून, तेल लावायला सांगून मोकळे झाला होतात. राहिलं होतं ते माझं.

तेही आज फिटलं. दारोग्यांनी वाटी हातात घेतली, आत बोट घालून बघितलं, बराच वेळ. मग म्हणाले, "शिलेखान्यात जमा करा. नळीवर कारागिराचं नाव कोरायचं. हात कुणाचा?" त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण रीत आहे, विचारायची आणि सांगायची. सांगायचं घरच्या माणसानं. हुसेनभाईंनी तोंड उघडलं, कारण नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, नंतर इतकी वर्षं 'अहो' आणि 'हे' ह्यावर भागवलं. मघाशी दारोग्यांचं बोलणं सांगतानासुद्धा माझी जीभ अर्ध्यावर अडखळली, तुम्ही ऐकलंतच. पण ज्या पेठेनं अक्षतांवरून हसून घेतलं ती समोर उभी होती, आणि मला ते दुसऱ्याच्या तोंडून नको होतं. मी हुसेनभाईंना हातानं थांबवलं, पदर सारखा केला आणि पुढं झाले.

"भिवाजी लोहार," मी म्हटलं. "कसबा पेठ."

दारोगा म्हणाले, "ऐकलं." तरी मी पुन्हा एकदा सांगितलं.